साईडकार जोडलेल्या जुन्या बुलेटसाठी वापरलेल्या सुट्या भागांची खरेदी : एक प्रकरण अभ्यास

वाई तालुक्यातील एका निवृत्त शिक्षकांकडे १९७२ सालची, ३५० सीसीची आणि डाव्या अंगाला साईडकार जोडलेली बुलेट आहे. गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात, म्हणून येथेही तोच शब्द वापरतो. गाडी त्यांनी हौसेखातर सांभाळलेली नाही. पत्नीच्या दोन्ही गुडघ्यांचे दुखणे जुने असल्याने त्यांना मागच्या सीटवर पाय टाकून बसता येत नाही आणि पाचगणीतील मुलीच्या घरी जाण्यासाठी पसरणी घाट चढावा लागतो. या दोन कारणांमुळे ही तीन चाकांची गाडी त्या घरात रोजच्या उपयोगाची वस्तू म्हणून टिकून राहिली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील व्याख्येनुसार एक जादा चाक असलेली, सुटी करता येणारी साईडकार जोडली तरी वाहन मोटारसायकलच राहते, त्यामुळे गाडीची नोंदणीही तशीच आहे.

गाडी माझ्याकडे तपासणीला आली तेव्हा तक्रारी चार होत्या. घाटात निळा धूर येत होता आणि इंजिनातून ठोका ऐकू येत होता. चढावर तिसरा गिअर सटकून न्यूट्रलमध्ये येत होता. मागच्या चाकाचे आरे वरचेवर तुटत होते आणि साईडकारच्या चाकाचा टायर एकाच कडेने घासून गेला होता. गुरुजींची अट स्पष्ट होती. शक्य तेवढे भाग जुन्या बाजारातून, मूळ बनावटीचे घ्यायचे, कारण बदली म्हणून मिळणाऱ्या नव्या भागांचा त्यांचा अनुभव चांगला नव्हता. ही अट अवाजवी नव्हती, पण ती सगळ्या भागांना सारखी लागू होत नाही, आणि या प्रकरणातील बहुतेक निर्णय त्या एका मुद्द्याभोवतीच फिरले.

जुन्या बुलेटचे सुटे भाग आपल्याकडे विपुल मिळतात, यामागे इतिहास आहे. १९५५ साली इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फिल्ड आणि मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीतून एन्फिल्ड इंडिया उभी राहिली आणि मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात ही गाडी बनू लागली. ७० मिलिमीटर व्यास आणि ९० मिलिमीटर स्ट्रोक असलेले, बिडाच्या ब्लॉकचे (ज्यात पिस्टन वरखाली होतो त्या नळकांड्याचे) ३४६ सीसीचे हे इंजिन मूळ आराखड्यात फारसा फरक न होता अनेक दशके बनत राहिले. उजव्या पायाने गिअर टाकायचा, शिवाय न्यूट्रलसाठी वेगळी कांडी असलेला चार गिअरचा अल्बियन पद्धतीचा गिअरबॉक्सही असाच दीर्घकाळ चालला. म्हणूनच पुण्याच्या मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, मुंबईत कुर्ल्याला, चेन्नईच्या पुदुपेठेत किंवा दिल्लीच्या करोलबागेत बुलेटचा माल आजही सापडतो. विक्रेत्यांचे एक ठरलेले वाक्य असते : ‘बुलेटचं बुलेटला बसतं.’ बसते हे खरे आहे. मात्र बसणे आणि चालणे यांत अंतर असते, आणि साईडकारच्या गाडीत ते अधिक लवकर उघडे पडते, कारण ही गाडी एकट्या बुलेटपेक्षा बरेच जास्त वजन ओढते. साईडकार, तिच्यात बसलेले माणूस आणि सामान हे सगळे त्याच इंजिनाने, त्याच क्लचने आणि त्याच मागच्या चाकाने वाहायचे असते. शिवाय वळणावर ही गाडी दुचाकीसारखी कलत नाही, त्यामुळे बाजूने येणारा सगळा जोर चाकांचे आरे, बेअरिंग आणि चासी यांनाच झेलावा लागतो.

म्हणून बाजारात पाय ठेवण्यापूर्वी इंजिन आणि गिअरबॉक्स पूर्ण उघडून मापे घ्यायची असे ठरले. गुरुजींना हा विलंब पटत नव्हता. यादी हातात आहे, मग गाडी उघडून ठेवून काय साधणार, असा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर ब्लॉकनेच दिले. बोअर डायल या आतला व्यास मोजणाऱ्या उपकरणाने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी काटकोनातील दोन दिशांनी माप घेतल्यावर वरच्या भागात व्यास ७१.६ मिलिमीटरच्या आसपास भरला. या इंजिनाचे वाढीव मापाचे पिस्टन इंचाच्या हजाराव्या भागांत, वीस, चाळीस आणि साठ साईज असे मोजले जातात. ढोबळमानाने वीस साईज म्हणजे ७०.५, चाळीस म्हणजे ७१ आणि साठ म्हणजे ७१.५ मिलिमीटर. गुरुजींच्या ब्लॉकने शेवटची पायरीही ओलांडली होती. आता एकतर त्यात लायनर, म्हणजे आतून नवी नळी, बसवायचा, नाहीतर दुसरा ब्लॉक शोधायचा. हे माप हाती नसते, तर बाजारात दिसलेला कोणताही ‘चांगला’ ब्लॉक चांगलाच वाटला असता.

ब्लॉकची खरेदी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण वापरलेला भाग कसा वाचावा हे त्यातून सर्वांत स्पष्ट होते. जुन्या बाजारात एका पथारीवर तीन ब्लॉक होते. पहिल्याच्या, इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पट्ट्यांपैकी दोन तुटलेल्या होत्या. तुटलेली पट्टी हा साधारणतः दिसण्याचा दोष मानला जातो, परंतु घाटात वजन ओढणाऱ्या, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या बाबतीत तो तेवढ्यावर थांबत नाही. शिवाय पट्टी तुटण्याइतका मार बसला असेल तर स्टडच्या (ब्लॉक आवळून धरणाऱ्या बोल्टच्या) भोकांपाशी भेग असण्याची शक्यताही वाढते. दुसरा ब्लॉक सर्वांत देखणा होता, काळा रंग दिलेला आणि आतून आरशासारखा. विक्रेत्याने तो स्टॅंडर्ड मापाचा असल्याचे सांगितले आणि कॅलिपरने तसे दाखवलेही. पण वरच्या तोंडाकडील बाजू रॉकेलने पुसून उजेडात तिरपी धरल्यावर बोअरच्या, म्हणजे आतल्या गोल पोकळीच्या, कडेभोवती केसाएवढी बारीक गोल रेघ दिसली. त्यात कोणीतरी आधीच लायनर घातलेला होता. लायनर घातलेला ब्लॉक वाईटच असतो असे नाही. परंतु तो किती घट्ट बसवला आहे हे पथारीवर कळण्याचा मार्ग नाही, आणि सैल लायनर ब्लॉकला नीट टेकत नसल्याने उष्णता बाहेर सोडत नाही. लायनरच घालायचा तर तो आपल्या ब्लॉकमध्ये, आपल्या डोळ्यांदेखत घातलेला बरा, या विचाराने तो बाजूला ठेवला.

तिसरा ब्लॉक गंजलेला होता आणि त्याच्या बोअरमध्ये कोळ्याचे जाळे होते. तोच घेतला. गंज पृष्ठभागावरचा होता, पट्ट्या शाबूत होत्या, आणि बोअरच्या वरच्या टोकाला, जेथे रिंग पोहोचत नाही तेथे, झिजेची पायरी नखाला जेमतेम लागत होती. याचा अर्थ ब्लॉक फारसा चाललेला नव्हता. मापही सत्तरच्या किंचित वर भरले, म्हणजे वीस साईजला बोअर करायला पुरेसे मटेरियल शिल्लक होते आणि पुढच्या दोन पायऱ्याही हाती राहत होत्या. पैसे देण्यापूर्वी भेगेची चाचणी मात्र तेथेच केली. संशयाच्या जागी रॉकेल लावायचे, थोडा वेळ मुरू द्यायचे, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसायचे आणि वर खडूची पूड चोळायची. भेग असेल तर आत मुरलेले रॉकेल पुडीत वर येते आणि काळपट रेघ उमटते. स्टडच्या सगळ्या भोकांभोवती आणि खालच्या गळ्याशी पूड पांढरीच राहिली. बोअरिंग आणि होनिंग (आतला पृष्ठभाग बारीक घासणे) कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतले. पिस्टन आधी नेऊन त्याच्या प्रत्यक्ष मापावरून बोअर करायला सांगितले, कारण डब्यावर छापलेला आकडा आणि पिस्टनचे खरे माप नेहमी जुळतेच असे नाही.

गिअरबॉक्सच्या बाबतीत गुरुजींना एक अखंड, बंद गिअरबॉक्स स्वस्तात मिळत होता. बंद डबा घेण्यातला धोका असा की हाताने गिअर टाकून पाहिले तर सगळे गिअर पडतात. सटकण्याचा दोष भार आल्यावरच दिसतो. त्यामुळे विक्रेत्याला झाकण उघडू देण्याची अट घातली. एकाने नकार दिला, दुसऱ्याने उघडून दिले. आत पाहायचे ते मुख्यतः गिअरच्या बाजूला असलेल्या कुत्र्यांकडे, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या दातांकडे. नव्या कुत्र्याची कड काटकोनी असते. झिजलेली कड गोल होते आणि तेवढाच भाग चकाकतो, त्यामुळे विजेरीचा झोत टाकला की दोष लपत नाही. या डब्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरची कड धारदार होती, पण लेशाफ्टच्या, म्हणजे दुय्यम शाफ्टच्या, बुशात (शाफ्ट ज्यात फिरतो त्या कडीत) हलवल्यावर प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवत होता आणि मुख्य शाफ्टवरच्या स्लीव्ह गिअरचा बुशही ढिला होता. स्लीव्ह गिअरचा बुश ढिला असला की क्लच डळमळतो, हे बुलेटच्या मेस्त्रींना ठाऊक असतेच. तरीही तो घेतला, कारण बुश लेथवर नवे करता येतात. झिजलेले कुत्रे भरून पुन्हा घासण्याचे काम मात्र सहसा टिकत नाही.

येथे एक नियम कटाक्षाने पाळला. गिअर सुटे न घेता जोडीने घेतले. एका गाडीत वर्षानुवर्षे एकमेकांवर फिरलेल्या दोन गिअरचे दात एकमेकांप्रमाणे झिजलेले असतात. त्यातला एक काढून गुरुजींच्या जुन्या गिअरसमोर लावला असता, तर आवाज वाढला असता आणि दोन्ही गिअर लवकर गेले असते. वापरलेल्या भागाचा निम्मा गुण त्याच्या जोडीदारात असतो, म्हणून भाग निवडताना तो ज्याच्याशी लागतो तो भागही सोबत उचलावा असे माझे मत आहे. बाजारातील माणसे याला आढेवेढे घेतात, पण बाजूला काढून ठेवलेली जोडी बहुधा मिळते.

गिअरबॉक्स बाहेर असतानाच त्याच्या स्प्रॉकेटचाही, म्हणजे साखळी फिरवणाऱ्या दातेरी चक्राचाही, निर्णय घेतला. या गाडीत मागचे स्प्रॉकेट ब्रेकड्रमशी एकसंध, ३८ दातांचे असते. त्यामुळे गुणोत्तर बदलायचे झाल्यास गिअरबॉक्सवरच्या लहान स्प्रॉकेटलाच हात घालावा लागतो. गुरुजींच्या गाडीत ते १७ दातांचे होते, म्हणजे एकट्या बुलेटला साजेसे. १६ दातांचे लावल्यावर गुणोत्तर २.२४ वरून २.३८ वर येते. ओढ सुमारे सहा टक्के वाढते आणि सपाटीवरचा वेग तेवढाच घटतो. पसरणी घाट ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे त्यांनी हा सौदा डोळे झाकून करावा. मात्र हे स्प्रॉकेट बदलण्यासाठी प्रायमरीचे (इंजिन आणि क्लच जोडणाऱ्या साखळीचे) झाकण, क्लच आणि मागचे झाकण काढावे लागते, तेव्हा वापरलेले स्प्रॉकेट बसवून मजुरीचे पैसे वाया घालवण्यात अर्थ नव्हता. ते नवे घेतले आणि साखळीही नवी घेतली.

सर्वांत अवघड प्रश्न क्रॅंककेसचा, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा क्रॅंक ज्यात बसतो त्या इंजिनाच्या खालच्या पेटीचा, होता. इंजिन खाली उतरवल्यावर डाव्या अर्ध्या केसच्या मागच्या कोपऱ्यात, साखळीच्या मार्गाजवळ, वेल्डिंगने बुजवलेली जुनी भेग दिसली. केव्हातरी साखळी तुटून स्प्रॉकेटभोवती गोळा झाली असावी आणि तिने केस फोडली असावी. हा बुलेटचा परिचित अपघात आहे. वेल्डिंग ओबडधोबड होते आणि तेथून तेल झिरपत होते. एका विक्रेत्याने डावी अर्धी केस सुटी देऊ केली आणि दुसऱ्याने अख्खे इंजिनच. दोन्ही किमती मोहात पाडणाऱ्या होत्या.

सुटी अर्धी केस नाकारण्याचे कारण तांत्रिक होते. क्रॅंककेसचे दोन अर्धे भाग कारखान्यात एकत्र आवळून बेअरिंगच्या जागा यंत्रावर घेतलेल्या असतात. वेगळ्या इंजिनाचा अर्धा भाग बोल्टने बसतो, पण दोन्ही बेअरिंगचे मध्य एका रेषेत येतीलच याची खात्री नसते, आणि ते आले नाहीत तर क्रॅंक जोराने फिरवावा लागतो आणि बेअरिंग तापतात. अख्खे इंजिन नाकारण्याचे कारण कागदाचे होते. इंजिनाचा क्रमांक क्रॅंककेसवर ठोकलेला असतो आणि तोच नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. दाखवलेल्या इंजिनावर क्रमांकाच्या जागी कानशीचे ओरखडे होते आणि विक्रेत्याकडे त्याच्या गाडीचे कसलेही कागद नव्हते. त्याने ‘साहेब, भंगारातला माल आहे, कोण विचारतंय’ असे सांगितले. गुरुजींच्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते आणि त्या वेळी निरीक्षक क्रमांक तपासतात, म्हणजे विचारणारे आहेतच. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ खाली नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल परस्पर करता येत नाही. शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणे हा गुन्हा आहे, आणि घासलेला क्रमांक डोळ्यांनी पाहून घेतलेल्या इंजिनाबद्दल ‘मला कल्पना नव्हती’ असे कोणत्या तोंडाने म्हणणार? एका मित्राने गुरुजींना विंटेज नोंदणीचाही सल्ला दिला होता. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांना ती मिळू शकते, परंतु अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रोज घाट चढणाऱ्याला तिचा उपयोग नव्हता.

शेवटी स्वतःचीच क्रॅंककेस दुरुस्त करायचे ठरले. जुने वेल्डिंग पूर्ण घासून काढले, भेगेच्या दोन्ही टोकांना लहान भोके पाडली, जेणेकरून ती पुढे सरकू नये, केस समान तापवली आणि मग आर्गन वेल्डिंग केले. नंतर दोन्ही अर्धे एकत्र आवळून बेअरिंगच्या जागा आणि जोडाचा पृष्ठभाग तपासून घेतला. हा खर्च त्या अख्ख्या इंजिनाच्या किमतीपेक्षा थोडासाच कमी होता. पण क्रमांक तोच राहिला. क्रॅंकच्या बिग एंडमध्ये, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या सांध्यात, उभा प्ले होता. या काळातील इंजिनांत तेथे तरंगता बुश असतो. बुश आणि पिन नवे घातले. वापरलेला क्रॅंक बाजारात पाहिलाही नाही, कारण त्याची आतली अवस्था बाहेरून कळत नाही आणि चूक झाली तर बाकी सगळी खरेदी त्याच्यासोबत जाते.

मागच्या चाकासाठी वापरलेला ड्रम घेतला. स्प्रॉकेटच्या दातांची टोके वाकडी झालेली नाहीत, ड्रमच्या आत हात फिरवल्यावर खोबण लागत नाही आणि धक्का शोषणारे रबराचे ठोकळे ज्यांत बसतात त्या आतील भिंती फुटलेल्या नाहीत, एवढे पाहिले आणि लेथवर धरून ड्रम गोल असल्याची खात्री केली. आरे मात्र सगळे नवे घातले. मध्येच मोडलेल्या जागी एकेक आरा बदलत राहिल्याने काही ताठ आणि काही सैल झाले होते, आणि सगळा भार ताठ आऱ्यांवर येऊन तेच तुटत होते. आरे तुटण्याच्या तक्रारीचे मूळ बहुतांशी हेच होते. त्यात भर घालणारे दुसरे कारण साईडकारच्या जोडणीत सापडले.

साईडकारची चासी चार ठिकाणी गाडीला जोडलेली असते. गुरुजींच्या चासीचा मागचा खालचा सांधा पूर्वी कोणीतरी वाकवून, वेल्डिंग करून बसवला होता. त्यामुळे साईडकारचे चाक पुढच्या बाजूला गरजेपेक्षा बरेच आत वळले होते. टायर एका कडेने घासण्याचे कारण हेच. साईडकारच्या चाकाचे पुढचे टोक गाडीच्या रेषेच्या किंचित आत असावे लागते, पण थोडेसेच, आणि गाडी साईडकारपासून किंचित बाहेरच्या बाजूला कललेली असावी. वापरलेली चासी मिळत होती. नळ्यांवर हातोडीने हलकेच ठोकत गेलो, तेव्हा खालच्या आडव्या नळीचा आवाज एका जागी बद्द आला. तेथे पाणी साचून आतून गंजलेले होते. ती सोडली आणि स्वतःच्याच चासीचा वाकडा सांधा कापून सरळ केला. सांध्यांचे आयबोल्ट मात्र नवे करून घेतले, कारण धक्के खाल्लेल्या जुन्या बोल्टच्या आट्यांच्या मुळाशी असलेली थकव्याची भेग डोळ्यांना दिसत नाही. आट्यांचाच दुसरा त्रास असा की या काळातील बुलेटवर अनेक ठिकाणी ब्रिटिश मापाचे आटे असतात. बाजारातून आलेल्या भागांवर कोणीतरी मेट्रिक नट जबरदस्तीने फिरवून आटे खाल्लेले असतात. म्हणून आटे मोजण्याची पट्टी खिशात ठेवूनच खरेदी केली आणि दोन भाग केवळ त्या कारणाने परत ठेवले.

जोडणीच्या वेळी मागच्या चाकाला आणि साईडकारच्या चाकाला लागून दोन सरळ लाकडी पट्ट्या जमिनीवर ठेवल्या. पट्ट्यांमधले अंतर पुढे मागच्यापेक्षा साधारण पंधरा मिलिमीटर कमी भरेपर्यंत सांधे फिरवले. गाडीत माणूस बसवून कल पुन्हा तपासला, कारण रिकाम्या गाडीवर घेतलेले माप भरल्या गाडीला लागू पडत नाही.

घाटात पहिल्यांदा नेली तेव्हा धूर नव्हता, तिसरा गिअर जागेवर राहिला आणि इंजिनाचा आवाज खालच्या पट्टीत आला. पुढचा फोर्क मात्र तसाच आहे. त्याचे बुश बदलले, पण नळ्यांवरील क्रोम उडालेला आहे. वापरलेल्या नळ्या कितीतरी पाहिल्या आणि काचेवर लोळवल्यावर जवळजवळ प्रत्येक नळी थोडी तरी वाकलेली निघाली. तेव्हा त्याच नळ्यांवर हार्ड क्रोम करून घेण्याचे काम पुढच्या पावसाळ्यासाठी राखून ठेवले आहे. खरेदी केलेल्या प्रत्येक भागाची पावती, विक्रेत्याच्या सहीसह, गुरुजींनी नोंदणी पुस्तकाच्याच पाकिटात ठेवली आहे. ज्या विक्रेत्यांनी पावती देण्यास नकार दिला, त्यांच्याकडून काहीही घेतलेले नाही.